पाठ

दाभोळच्या खाडीत पाण्याखाली जेवढे खडक आहेत
तेवढ्यांना नावं आहेत.
थोरली म्हैस. कुबडा. जावयाचा दगड,
ज्यावर कुणाचातरी जावई होडीसकट आपटला होता.
ओहोटीलाही जे डोकं वर काढत नाहीत
त्यांनासुद्धा नावं आहेत.
काळोखात माझा नवरा सांगतो,
आता उजव्या हाताला काय आहे ते.

आणि बुधवारी आंघोळ करताना मला
तिथे
काहीतरी हाताला लागलं.

तिथे म्हणजे तिथे.
आईने त्याला नाव दिलं नाही.
शाळेत बाईंनी तो धडा घरी वाचून या म्हटलं.
शिवीतलं एक नाव आहे, धक्क्यावर दिवसभर ऐकू येतं,
ते कधी माझं वाटलं नाही.

वाटाण्याएवढं. नाही, तुरीच्या दाण्याएवढं.
दाबलं तर दुखतं, नाही दाबलं तर आठवतं.
फेरीबोटीच्या तिकिटखिडकीत मी मोजते,
माणूस, माणूस, मोटरसायकल, टेम्पो, माणूस,
आणि खुर्चीत जराशी डावीकडे कलते.
भुवडांचा पोरगा म्हणाला, वैनी, पाठ धरली काय?
म्हटलं, हो. पाठ.
त्याने घरी सांगितलं.
मग तीन रात्री नवऱ्याने तेल चोळलं
न दुखणाऱ्या पाठीवर.

चौथ्या रात्री बॅटरी घेतली
आणि रुखवतातला हातआरसा.
संडासाची कडी दोनदा तपासली.
चव्वेचाळीस वर्षं, दोन बाळंतपणं,
आणि हे मी पहिल्यांदा बघत होते.
फोड शोधायचा राहूनच गेला थोडा वेळ.
मग दिसला. तांबूस.
काही बोलला नाही.

बोलायला मी होतेच.
जनाकाकूचं असंच सुरू झालेलं. मुंबईला नेली,
आणली ती कुणाशी बोलण्यासारखी राहिली नव्हती.
त्याहून वाईट पहाटे सुचलं.
हा शिमग्यानंतर दोन महिने मिरकरवाड्याला होता बोटीवर.
तोंड उघडं टाकून झोपलेला.
याला सगळे खडक माहीत, सगळी बंदरं माहीत.
आणखी काय काय माहीत?
हाताला तेलाचा वास येत होता त्याच्या.

अवघड जागेचं दुखणं नि जावई डॉक्टर म्हणतात.
गावच्या दवाखान्यात माझा चुलत दीर कंपाउंडर.
म्हणून खाडी ओलांडली, माझ्याच फेरीने.
खिडकीतून मालन विचारते, कुठे गो?
पाठ दाखवायला.
धोपाव्याहून एसटी. उतरायचं शृंगारतळीला.
पाटी वाचून एकटीच हसले,
शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढली.

डॉक्टर तस्नीम परकार. माझ्या लेकीच्या वयाची.
सुगंधा पालशेतकर, काय होतंय?
पाठ, मी म्हटलं.
तिने लिहिलं नाही. पेन आडवं ठेवून
माझ्याकडे बघत राहिली.
पाठ नाही, मी म्हटलं.

पडदा. हातमोज्यांचा चटचट आवाज. छताला एक पाल.
तिने बघितलं, मासा ताजा आहे का
हे कल्ले उघडून बघतात, तसं.
केसाचं मूळ आत वळलंय बहुतेक, म्हणाली,
आठ दिवस कोमट पाण्यात बसा. नाही बसला तर या, पुढचं बघू.
आणि मध्येच त्या जागेचं नाव घेतलं,
कोपर म्हणावं
इतक्या साध्या आवाजात.

परतीच्या फेरीत मी ते नाव तोंडातल्या तोंडात
म्हणून बघितलं. इंजिनाच्या आवाजात काय कळतंय.
ते नाव आणि ते 'बहुतेक',
दोन्ही घेऊन उतरले.

आता बसलेय मोठ्या घमेल्यात,
ज्यात कोळंबी धुते त्यात. घासून घेतलंय तसं.
गुडघे हनुवटीला. पाणी निवत चाललंय.
शेवटच्या फेरीचा भोंगा झाला.
दाराबाहेर चपला थांबल्या.
पाठ कशी आहे?
म्हटलं, पाठीला काही झालंच नव्हतं.

बराच वेळ काही नाही.
मग,
मग तेल?