साबणाच्या रेघा

चौतीस वर्षं मी काच ओतली
टोलेडोच्या भट्टीवर, बहुतेक रात्रपाळीला.
इतकी नितळ, की मुकादम म्हणायचा,
"गेझा, आहे का नाही ते हात लावून बघ."
केसाएवढी रेघ दिसली
तरी अख्खं तावदान परत विस्तवात.

त्यातलंच एक, कोपरा उडालेलं,
सवलतीत घेऊन स्वयंपाकघराला बसवलं.
परसातलं सफरचंदाचं झाड त्यात
झाडाहून खरं दिसायचं.

मे महिना. रात्री दक्षिणेचं वारं सुटलं
की पिरोश्का गजराशिवाय उठते.
एरी सरोवर ओलांडायच्या आधी
ते सगळे इथं उतरतात,
कपड्यांच्या दोरीवर, मोडक्या घसरगुंडीवर,
रात्रभर उडून हडकलेले,
आणि उतरल्या उतरल्या गायला लागतात,
जणू काही झालंच नाही.

ती चमच्यानं दाखवते,
"तो बघ, निखारा गिळलेला वटवट्या!"
मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत
नुसती फांदी हलत असते.
इतक्या वर्षांत
हललेल्या फांद्या मात्र खूप पाहिल्या मी.

गेल्या मंगळवारी, टप्प.
ओली चिंधी फेकावी तसा आवाज.
पायरीवरून उचलला.
भाजून भाजून मढलेला माझा तळहात,
त्याला वजनच कळेना.
डोळ्यानं बघितलं म्हणून
आहे, एवढं समजलं.
गळा अजून पेटलेला.

पिरोश्का म्हणाली, "त्याला वाटलं, झाडच आहे."
एवढंच.
मग वहीत त्याचं नाव लिहिलं
आणि पुढे तारीख घालायची विसरली.

दुसऱ्या दिवशी मी कपड्यांची साबणाची वडी घेतली,
शिडी लावली, आणि बाहेरून
वरपासून खालपर्यंत रेघा ओढल्या,
बोटाबोटाच्या अंतरावर. हात थरथरत होता,
पण रेघा सरळ आल्या.
कुंपणापलीकडून ड्वेन ओरडला,
"पुसतोयस का माखतोयस?"
मी म्हटलं, माखतोय.

आता स्वयंपाकघरातून काही धड दिसत नाही.
पिरोश्का कुरकुरते, कोण आलंय ते कळत नाही,
शेपटी कुठली, पान कुठलं.
कॉफी तशीच ठेवून, दार ढकलून
गारठ्यात बाहेर जाते, अनवाणी.

मी तिचे बूट शोधतोय.
एकच सापडलाय.
बाहेर ती हळूच म्हणते, "गेझा, ये.
आवाज करू नकोस."