नऊने भाग जातो का बघ

सावर्ड्याच्या धक्क्याला बार्जेस लागायच्या
तेव्हा मी सांबारीबाबांच्या पेढीवर
खतावणी करायला शिकलो.
टनांचे, ट्रिपांचे, डिझेलचे आकडे.
वहीच्या शिवणीत लाल धूळ बसायची;
अजूनही एखादी जुनी वही उघडली की
बोटाला लागते. कुंकवासारखी नाही,
खनिजासारखीच. जड.

तेरीज जुळली नाही की
बाबा चष्म्यावरून बघत.
"फरक किती?"
त्रेसष्ट.
"नऊने भाग जातो का बघ.
जातो? मग कुठंतरी आकडे उलटे पडलेत.
अठराचे एक्याऐंशी झालेत. शोध."

शोधत बसायचो.
केप्याची शेवटची बस निघून जायची,
पेढीतल्या बाकड्यावरच झोपायचो,
स्वप्नात जमा डावीकडे की उजवीकडे
तेही कळेनासं व्हायचं.

आता ज्योविता आहे. बार्रेटोंची धाकटी.
ती बिलाचा फोटो काढते आणि बिल
आपणहून आपल्या खात्यात जाऊन बसतं,
शहाण्या पोरासारखं.
तीन महिन्यांचा जीएसटी
ती भाजीपाव खाता खाता भरते.
आकडे उलटे पडत नाहीत.
माझा नवाचा पाढा टीपकागदासारखा
खणात राहिला.

खोटं कशाला सांगू, वाईट नाही वाटलं.
पहिल्याच महिन्यात तिच्या यंत्रानं
माझी चूक काढली:
एका वजनकाट्याचं भाडं
मी दोनदा लिहीत होतो,
अकरा वर्षं,
सुंदर अक्षरात.

परवा बाबुसो वेळीप आला.
खाण बंद पडल्यापासून त्याचा टिप्पर
घरामागं उभा आहे,
दोडक्याचा वेल केबिनपर्यंत चढलाय.
ज्योवितानं पडदा त्याच्याकडे वळवला:
घसारा वजा जाता ट्रकची किंमत
एक रुपया.
तो पडद्याकडे बघेना. माझ्याकडे बघत राहिला.
म्हणाला, "विकूं?"

यंत्राला विचारलं असतं तर
त्यानंही सांगितलं असतं, बरोबरच सांगितलं असतं.
पण बाबुसोला ते अशा माणसाकडून हवं होतं
ज्याला, उद्या चुकलंच तर,
शनिवारच्या बाजारात गाठून
शिव्या घालता येतील.
पूर्वी मला आकड्यांचा पगार होता.
आता बहुतेक या शिव्यांचा असावा.
मी म्हटलं, वीक.
आधी दोडके काढून घे.

तो गेल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग ज्योविता म्हणाली, अंकल,
सल्ल्याचे पैसे लावायचे? कुठल्या खात्यात?
म्हटलं, उचंत.
तिनं हा शब्द ऐकला नव्हता.
सांगितलं: ज्याचं अजून ठरत नाही
ते तिथं ठेवायचं, मार्चपर्यंत.
कुठला मार्च, ते तिनं विचारलं नाही.

दिवे मालवताना सहज वजाबाकी केली.
ती सव्वीस, मी बासष्ट.
छत्तीस.
भाग जातो.
म्हणजे नोंद एकच असणार,
आकडे तेवढे उलटे पडलेत.

तिला सांगणार होतो.
पण तिनं स्कूटर चालू केली होती,
आणि हेल्मेट पुढं करून म्हणत होती,
चला, पुलापर्यंत सोडते.