दुसरी मूठ

आमच्या मिझोरामच्या डोंगरावर
आधण ठेवायच्या आधी
मूठभर तांदूळ बाजूला निघतात.
सासूने काढले, तिच्या सासूनेही.
चुलीमागे बिस्किटांचा जुना डबा आहे,
झाकणावरची राजकन्या निम्मी गंजलेली.
त्यात पडते ती मूठ प्रभूची,
दोन्ही वेळा, न चुकता.

हात माझा तांदळात असायचा
आणि तोंड भलतीकडे.
मार्चात झरा आटतो, रांगेत माझे डबे शेवटी.
आल्याला भाव नाही, पोतीच्या पोती अंगणात कोंब धरतात.
रोकुंगा पत्रा ठोकतो म्हणतो,
त्याला दोन पावसाळे झाले,
हातोडी अजून शेजाऱ्याकडेच.
थोरला गुवाहाटीला. फोन करतो तो इतक्या घाईत
की चुकून लागल्यासारखा वाटतो.
गुडघा. धूर. धुकं.
कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत
आणि वाळले की त्यांच्यावर कोंबडी बसते.

शनिवारी तांदूळ न्यायला झोथनपारी यायची,
पाठीवर टोपली, कपाळावर तिचा पट्टा.
तिलाही मी सोडत नसे.
उंबऱ्यावर उभी करून
आठवड्याचं सगळं पुन्हा, तारीखवार.
ती ऐकायची. डबा ओतायची. मापायची.
वहीत लिहायची.
एकदा लिहिता लिहिता पेन्सिल थांबली.
"या उतारावरच्या चाळीस घरांत
तुझे तांदूळ सगळ्यांत जास्त," ती म्हणाली,
"आणि घरात माणसं तर दोन."

मी गप्प. कित्येक वर्षांनी गप्प.
मग दोघींना एकदमच उमगलं :
कुरकुरीच्या नादात
मूठ टाकली की नाही तेच मी विसरायचे
आणि पुन्हा टाकायचे.
ती इतकी हसली की टोपली कलंडली.
मी हसले नाही.

त्या रविवारी पाळकांनी रानातला मान्ना काढला.
रोज पहाटे दवासारखं अन्न जमिनीवर,
आणि ते वेचता वेचता लोकांची तोंडं वाकडी,
मिसरातले कांदे आठवून.
मी मान वळवून पाहिलं,
कुणी माझ्याकडे बघतंय का.
कुणी बघत नव्हतं.
म्हणजे थेट वरूनच आलं होतं ते,
माझ्या पत्त्यावर.

मग बोलणंच बंद केलं. दातांवर दात.
शनिवारी मापलं तर तांदूळ जवळजवळ निम्मे.
"आजारी आहेस का गं?"
झोथनपारीने कपाळाला हात लावून पाहिला.

रात्री पडल्या पडल्या हिशेब घातला.
माझ्या रडगाण्यावर त्याने
कुणाकुणाला जेवू घातलं असेल!
पलीकडच्या खोऱ्यातल्या वसतिगृहातली पोरं,
ती कुष्ठरोगी म्हातारी, जिला मी कधी पाहिलं नाही.
आणि माझ्या शहाण्या मौनाने
वाचवले ते फक्त माझे तांदूळ.

आता असं करते.
पहिल्या मुठीला जे असेल ते सांगते.
गुडघा त्यानेच घडवलाय, ऐकेल.
दुसरी मूठ मुद्दाम, जागेपणी.
तिच्यासोबत एकच गोष्ट, आजची आणि खरी.
आज रांगेत पाणी पुरलं, प्रभू.
आज रोकुंगाने हातोडी परत आणली.
(ठोकलं काही नाही अजून.)
काल तर काहीच सुचेना.
मूठ धरून उभी राहिले,
आधण उकळून निम्मं आटलं.
शेवटी म्हणाले, हा हात.
अजून वळतो.
तेवढ्यावर उघडला.

ओल्या तळव्याला चिकटलेले चार दाणे
मी दारातून कोंबड्यांकडे झटकते.
त्याही दिवसभर कुरकुरतात.
टिपताना मात्र
मान खाली असते त्यांची.