चुरा

इथे बेडकाला चुरा म्हणतात.
शेलुकिंडोनं पहिल्या रात्री तो शब्द उच्चारला
आणि मी सवयीनं खाली पाहिलं.
पायाशी चुराच होता : पानांचा, सालींचा,
माकडांनी वरून टाकलेल्या टरफलांचा,
उसांबाराच्या डोंगरावर कधीच न वाळणारा.
त्यातला एक तुकडा
चालू लागला.

चालू लागला असंच लिहितो.
उडी त्याला येते, पण ती तो
लग्नातल्या शालूसारखी जपून ठेवतो.
एरवी एक हात, मग तिरका पाय,
मग बराच वेळ काहीच नाही.

लांबी : माझ्या अंगठ्याचं पेर, त्याहून थोडी कमीच.
रंग : वहीत एकदा ‘दालचिनी’ लिहिलंय,
एकदा ‘गंजका खिळा’,
एकदा नुसतंच ‘तोच’.
नाकपुडीपासून मांडीपर्यंत गडद पट्टा,
घाईत ओढलेल्या शाईसारखा.
कंबर बारीक. बोटांची टोकं जराशी रुंद,
प्रत्येक पानावर
अंगठा उठवत आल्यासारखी.
डोळा मात्र सोन्याचा,
आणि त्यात आडवी काळी फट,
टपालपेटीला असते तशी.
मी टाकलेलं काहीच
तिथून परत आलेलं नाही.

दिवसा ते चुऱ्यात असतात, म्हणजे नसतात.
दिवेलागणीनंतर वेलदोड्यांच्या पानांवर चढतात.
हो, वेलदोडेच. कुणीतरी जंगलाच्या सावलीत लावले,
भाव पडला तसे सोडून दिले.
धुक्यात पान चुरगळलं की मला बासुंदी आठवते
आणि भलत्या वेळी भूक लागते.
गुडघ्याएवढ्या उंचीवर बसून नर हाक घालतो :
टिंक.
रिकाम्या पेल्याला चमचा लागावा तशी.
शेलुकिंडो म्हणतो, चहा मागतोय, मिळणार नाही.

उतार असा की पाणी कुठे टेकतच नाही.
तळं नाही, डबकं नाही,
मग अंडी कुठे, शेपटीवाली पिल्लं कुठे?
तीन आठवडे ओढ्याकाठी टॉर्च मारत
मी यांची मुलं शोधत होतो.

मंगळवारी एक मादी दिसली, पोट ताणलेलं,
कातडी इतकी पातळ
की आतले फिकट ठिपके मोजता यावेत.
मी मोजू लागलो. एकवीस, बावीस.
तेविसाव्याला डोळे होते.

म्हणजे शेपूट, पोहणं, सगळं पोरपण
ही आतच उरकून घेते,
आणि बाहेर ठेवते
साबुदाण्याएवढे, चार पायांचे,
कुणाचंही देणं नसलेले जीव.

तेवढ्यात वाटेवरून माशावू आली.
खालच्या वस्तीत कुणाची तरी सून
तिच्या हातून नुकतीच मोकळी झाली होती.
हाताला साबणाचा वास, पाठीत दिवसभराचा बाक.
शेलुकिंडोनं घरचीच बातमी असावी तसं सांगितलं :
ही अंडी घालत नाही, बीबी,
ही बाळंत होते.

माशावू वाकली, पाहिलं.
ती थक्क होईल, याची मी वाट पाहत राहिलो.
ती जे बोलली ते मला सांगताना
शेलुकिंडोनं मान खाली घातली :
‘मग तिच्या तोंडावर उजेड कशाला धरलाय?’

मी टॉर्च विझवला.

अंधारात खूप ऐकू येतं.
माशावूची पावलं वर गेली, थांबली, पुन्हा गेली.
पानावरून पानावर पाणी.
कुठेतरी अजून कुणी चहा मागत होतं.

वहीत त्या रात्रीच्या रकान्यात
संख्या नाही.
‘मोकळी झाली असावी’ एवढंच आहे,
अक्षर वाकडं, अंदाजानं लिहिलेलं.

उजाडलं तेव्हा पान रिकामं होतं.
खाली चुरा, ओला, आपल्या जागी.
मला परत निघायचं होतं.
मी एक पाय उचलला,
कुठे टेकवू ते पाहिलं,
मग बराच वेळ
काहीच नाही.