रिकामी पट्टी

सांगोल्याहून कोळेकर माती घेऊन येतात
लोणच्याच्या बरण्यांत, तोंडाला फडकं बांधून.
"ही मेलेल्या झाडाच्या बुडातली," म्हणतात,
"आणि ही न मेलेल्या.
दोन्ही डाळिंबं एकाच ओळीतली, ठिबक एकच.
मग ह्याला काय झालं, नि त्याला का नाही?"

मी सांगत नाही. मी बटाटे उकळते.
दोनशे ग्रॅम, लिटरभर पाणी, साखर, अगर.
होटगी रोडवरच्या ह्या दोन खोल्यांत
दुपारी बेचाळीस असतं
आणि प्लेट ओतायची म्हणजे
पंखा बंद, खिडकी बंद, दिवा चालू,
श्वास बाजूला वळवलेला.

एका कडेला मर रोगाची बुरशी,
गुलाबीसर, पिंजलेली, दिसायला गरीब.
समोरच्या कडेला ती हिरवी,
जिला मी मंगळवेढ्याच्या ज्वारीवर पोसते.
(अम्मा अजून माफ करत नाही:
"भाकरीची ज्वारी
शिजवून बुरशीला घालतेस?")

लढाई आधी लढाईसारखी दिसत नाही.
आधी नुसतं जेवण दिसतं.
हिरवी भराभर जेवते, जागा धरते,
लोखंडाचा कण न् कण उचलते,
चार दिवसांनी येणाऱ्या नळाला
कुणी पहाटे तीनलाच घागरी लावून ठेवाव्यात, तशी.
गुलाबी उशिरा उठते
आणि नळ गेलेला असतो.

पाचव्या दिवशी काचेखाली पाहिलं.
हिरवीचा तंतू गुलाबीच्या तंतूभोवती
पिळा घालत चाललेला,
आणि जिथे पीळ, तिथे भोक.
मोबाइलवर फोटो काढून नान्नांना दाखवला.
एकोणतीस वर्षं मागावर उभे राहिलेले नान्ना,
साखर पेठेतल्या त्या आवाजाने एक कान गेलेला.
त्यांनी फोटो उलटा धरला, मग सुलटा.
मला वाटलं म्हणतील, बघ, ताणा आणि बाणा.
म्हणाले, "हे विणणं नाही गं.
विणल्यावर दोन्ही सुतं राहतात."

त्यानंतर मी रिपोर्टात 'धागा' लिहीत नाही.

आणि मग प्लेट नंबर चौदा.
न मेलेल्या झाडाची माती.
मधोमध खडूच्या चुऱ्याएवढा एक ठिपका,
मी न ठेवलेला.
झाकण उचललं तर वास आला
ओल्या जमिनीचा, ह्या कोरड्या खोलीत.
गुलाबी त्याच्या जवळ येऊन थांबली होती.
हिरवीसुद्धा.
भोवती नुसतं अगर, पारदर्शक,
कुणीही पाय न टाकलेलं.

"कंटॅमिनेशन आहे, टाकून द्या,"
इनामदार सर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.
आमची हिरवी जिंकायला हवी होती,
पुड्यांवर तिचंच चित्र छापून झालंय.
मी हो म्हटलं
आणि चौदा नंबर फ्रीजच्या मागे ठेवला,
जिथे ऊब असते.

रोज संध्याकाळी पट्टी लावून रिकामी पट्टी मोजते.
चार मिलिमीटर. चार. साडेतीन.
नवव्या दिवशी काचेखाली आणखी एक गोष्ट:
हिरवीच्या तंतूवर पाण्याचा पातळसा पापुद्रा,
आणि त्यावरून पोहत चाललेले
काही बारीक जिवाणू,
पलीकडे, कुणाचेही नसलेले,
बांधावरून कुणी सायकल न्यावी तसे, निवांत.
त्यांना नाव द्यायचं राहिलंय.
ते चालले कुठे, हेही.

कोळेकरांचा फोन येतो. "मॅडम, कोण जिंकलं?"
मी म्हणते, अजून माप घेतेय.
"कशाचं?"
मधल्या जागेचं.
ते थोडा वेळ गप्प. मागे बकरी ओरडते.
"बरं, त्या बरण्या तेवढ्या लवकर द्या,
घरात कैऱ्या येऊन पडल्यात."

तीन पाण्यांनी धुतल्या, उकळत्या.
उन्हात पालथ्या घातल्या.
मग एक पुन्हा सुलटी केली
आणि आत नाक घालून
बराच वेळ उभी राहिले.