पाठ

टायरच्या दुकानावर आमचा स्टुडिओ, कर्वेनगरात.
खाली चाकं बसवतात, वर आम्ही पाय.
सध्या चार, गबदुलचे.
तेच ते रेडकू,
रस्त्यात सापडलेली एक चप्पल तोंडात धरून
गावभर तिचा पाय शोधत हिंडणारं.

पुस्तकाची पानं चोवीस.
पडद्यावर सेकंदाला चित्रं चोवीस.
म्हणजे अख्खं पुस्तक एका सेकंदात संपलं.
उरलेल्या एकोणनव्वद मिनिटं एकोणसाठ सेकंदांत
भिलारेसाहेब म्हणतात, संघर्ष घाला.
चप्पलचोरांची टोळी घाला.
मध्यंतराच्या आत आई हरवू द्या त्याची.

पुस्तकात कुणी काहीच चोरत नाही.
नवव्या पानावर न्हावी म्हणतो, माझी नव्हे.
दहाव्यावर बँडवाला तोंडातली पिपाणी काढून म्हणतो,
माझी नव्हे.
या दोघांच्या मध्ये तेव्हा काहीच नव्हतं,
बाबा बोट ओलं करायचे, तेवढंच.
आता तिथे एक गल्ली लागते, गल्लीला ऊन लागतं.
शलाका तीन आठवडे
तिथली गटारं रंगवते आहे.

मग एक दिवस नौशाद म्हणाला, याची पाठ कुठाय?
त्याला मॉडेल गोल फिरवायचं होतं
आणि चोवीस पानांत गबदुल
एकदाही वळलेला नाही.
समोरून, फार तर एका कुशीवरून,
पण दोन्ही डोळे आपल्यावर.
आम्ही सगळे हे पुस्तक पांघरून वाढलो
आणि कुणाच्या लक्षात नाही.

सहकारनगर, दुसरा मजला. ओगलेबाई, वय ब्याऐंशी,
चष्मा कपाळावर.
मी अदबीने विचारलं. उत्तर माझ्याजवळ तयारच होतं,
तो कुणाकडे पाठ फिरवत नाही, वगैरे.
बाई म्हणाल्या, "मला म्हशीची पाठ जमायचीच नाही.
शेपटी नक्की कुठून सुरू होते, तेच कळेना.
प्रकाशक पानाला तीस रुपये द्यायचा.
तेवढ्यात तोंडच येत होतं."
आणि चिवड्याची बशी पुढे सरकवून,
"तुम्ही काढा की आता. तुम्हाला पगार असेल."

नौशाद धायरीच्या एका गोठ्यात
दोन तास म्हशींच्या मागे फोन धरून उभा राहिला.
शेपटी कुठून सुरू होते ते कळलं,
कुठे येऊन संपते तेही. गालावर वळ होता.

मला एक सांगायचं राहिलं.
माझ्या घरच्या प्रतीत सतराव्या पानावर
एक जांभळा ढग आहे.
तो मला पाठ होता.
ऑफिसातली कोरी प्रत उघडली तर
तिथे नुसतं आभाळ.
घरी जाऊन नखाने खरवडून पाहिलं, मेणखडू.
माझाच, वय साडेतीन,
दाब इतका की अठराव्या पानावर उठाव आलेला.

मी तो घातला. बहात्तर चित्रं, तीन सेकंद.
कुणाला विचारलं नाही.

कच्चा सिनेमा पहिल्यांदा लावला तेव्हा
आई हरवली होती (भिलारेसाहेब जिंकले),
टोळी मात्र आम्ही दोन मांजरांवर भागवली.
ओगलेबाई पुढच्या रांगेत, चष्मा डोळ्यांवर.
गबदुल थांबला. वळला.
आमच्याकडे पाठ करून नदीच्या बाजूला चालू लागला,
शेपटी डावीकडे, उजवीकडे,
आणि वर माझा ढग.
"अगंबाई," बाई पुटपुटल्या, "अशी असते होय."

नौशादची मिस्बाह खुर्चीवर उभी राहून ओरडली,
"मागचं पान! मागचं पान दाखवा!"
कुणी दाखवलं नाही. पुढचं आलं होतं.

दिवे लागल्यावर बाईंनी मला खूण केली.
"तो जांभळा ढग कुठल्या पानावर होता हो?
मला काढल्याचं आठवत नाही."
"सतराव्या," मी म्हणालो.
त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर नेला.
"असेल," म्हणाल्या.