वजनकाटा क्रमांक सात

हातोदच्या अंतराळतळावर रात्रपाळी माझी.
बाहेर सुपर कॉरिडॉरपर्यंत रिक्षांची रांग,
आत फलकावर चंद्र-दक्षिण सव्वातीन, सेरेस उशिराने,
मंगळ चार चाळीस.
घोषणा हिंदीत, मग माळवीत, मग आपल्यात:
"प्रवासी लोक आपलं सामान सांभाळून राहावं."
असली मराठी फक्त इंदुरातूनच उडते.

माणशी साडेतीन किलो. त्यात चपला आल्या.
माझं काम एवढंच, की आकडा वाचायचा
आणि नजर न चोरता सांगायचं,
काका, वीस ग्रॅम जास्त.

मग लोक उतरवू लागतात.
कुणी लग्नाच्या अल्बमची पानं काढतं,
नवरा-नवरी ठेवून जातं,
पंगतीचा फोटो घेऊन जातं.
जिरावन तर बंदच आहे.
पूड वर तरंगते, डोळ्यांत जाते;
मागे एक अख्खं यान शिंकत मंगळावर उतरलं होतं.
हे ऐकून परवा खासगीवाल्यांच्या शार्दूलनं
पाव बरणी उभ्या उभ्या तोंडात ओतली,
नाका-डोळ्यांतून पाणी, आणि म्हणतो, आता मोजा.
मोजलं.
पोटातलं धरतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आज तन्वंगी बुळे.
नंदलालपुऱ्यात शेवेची भट्टी होती, म्हणाली.
आता बोगद्यातलं स्वयंपाकघर, करार तीन वर्षांचा.
नव्वद ग्रॅम जास्त.
सोऱ्या ती घरीच सोडून आली होती,
पण चकती होती पदरात. पितळी.

मी म्हटलं, ताई, मापं पाठवू,
भोकांचं अंतर, पत्र्याची जाडी,
तिकडचं यंत्र दहा मिनिटांत छापून देईल.

"छापलेली भोकं सगळी सारखी असतात हो.
हिची तिसऱ्या ओळीतली दोन झिजलीत,
तिथली शेव जरा जाड पडते.
गिऱ्हाईक तीच वेचून खायचं."

मागे रांग खाकरली.
तिनं सहा नंबरच्या हुसैनाबेनकडून
पट्ट्या कापायची कात्री मागून घेतली.
मला वाटलं, पदर कापते आता.
वेणीचा आवाज असा येईल
हे मला माहीत नव्हतं. ओली सुतळी कापावी तसा.

एकशे बारा ग्रॅम.

म्हटलं, आता बावीस उरले. आणखी काही घ्यायचंय?
तिनं पर्स उघडली, बंद केली, मानेवर हात फिरवला.
"या काकांना द्या."
वजन असं कुणाला देता येत नाही,
तसा रकानाच नाही.
पण काकांच्या मुठीत पेटीतला एकच सूर होता,
काळी चारचा, कापसात गुंडाळलेला,
आणि ते मघापासून तो ठेवायला जागा शोधत होते.
मी शेऱ्यात लिहिलं: काटा हलत होता.

भेरूलाल झाडू घेऊन आला.
सहा रंगांचे सहा डबे त्याचे,
आणि या शहरात त्यात चूक करणारा
अजून जन्माला यायचाय.
वेणी उचलून थबकला.
"मॅडम, यो गीलो के सूखो?"
रिबीन सुकी, ते कळत होतं.
केसांना तेल होतं. बहुतेक कालच लावलेलं.

चार चाळीसला जमीन हलली, हलते तेवढीच.
पाचला मी सुटले.
फाटकाबाहेर पोह्यांच्या ठेल्यावर
परातीचं झाकण अजून थोडं वाजत होतं.
ठेलेवाल्यानं वर न बघता त्यावर तळहात ठेवला,
जसा रडक्या पोराच्या डोक्यावर ठेवतात,
आणि मला विचारलं, शेव बारीक टाकू की जाडी?

मी सांगायला वेळ लावला.
काचेतून भेरूलाल दिसत होता,
डब्यांसमोर, अजून तसाच उभा.